काका-काकूंची पारख

कोणता कॅमेरा घ्यावा, असं विचारायला माझ्याकडे माणसं येतात. ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलगा येतो, कासच्या पठारावर भेटलेलं एखादं जोडपं फोन करतं, पुतण्या त्याच्या मित्राला घेऊन येतो. मी त्यांना जे सांगते त्यातलं फार थोडं माझं आहे. बाकीचं सगळं साताऱ्यात, राजवाड्यामागच्या एका गल्लीतल्या फोटो स्टुडिओत, काचेच्या काउंटरपाशी उभं राहून मिळालं. ते देणाऱ्या काका-काकूंनी त्याचा एक पैसा कधी घेतला नाही. त्यांचं नाव छापलेलं काकूंना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण ऋण मात्र लिहून ठेवायलाच हवं.

काकांनी स्टुडिओ काढला तेव्हा त्यांच्याकडे याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता, पोटाशी धरून वरून बघायचा. १२० चा रोल, त्यात बारा फोटो. फिल्म बहुतेक वेळा ‘इंदू’ची, म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातली. रोल काका धुवायचे आणि निगेटिव्ह सुकल्या की त्या काकूंकडे जायच्या. खिडकीपाशी तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून काकू बारीक टोकाच्या पेन्सिलीने रिटचिंग करायच्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पारदर्शक रेघ होते. त्या रेघेवर शिसाचा पातळ थर चढवला की छापलेल्या फोटोत सुरकुती हलकी होते. किती चढवायचा याला माप नाही. थोडा जास्त झाला की माणसाची ओळख जाते. स्थळाकडे पाठवायच्या फोटोंसाठी कोरेगाव-वाईकडच्या मुलीसुद्धा या स्टुडिओत यायच्या, त्या काकूंच्या पेन्सिलीसाठी.

पुढे रंगीत फिल्म आली, लॅब आल्या, लग्नाच्या ऑर्डरींसाठी काकांनी आधी निकॉनचा एफएम२ आणि नंतर ऑटोफोकसवाला एफ८० घेतला. मग डिजिटल आलं. २००९ मध्ये मी त्यांच्याकडे वरचेवर जायला लागले तेव्हा धुवायला रोल क्वचित यायचा. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, जुन्या फोटोंच्या कॉप्या यावर दुकान चालत होतं. डार्करूममध्ये काकूंनी धान्याचे डबे ठेवले होते. धंदा कशामुळे बसला हे दोघांनाही नीट माहीत होतं. अशा वेळी मी त्यांच्याकडे गेले ती डिजिटल कॅमेरा कोणता घेऊ, हे विचारायला.

माझ्यापुढे दोन कॅमेरे होते. निकॉनचा डी९० ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झाला होता. व्हिडिओ घेणारा तो जगातला पहिला डीएसएलआर, म्हणून त्याचा बोलबाला मोठा. एप्रिल २००९ मध्ये त्याच कंपनीने डी५००० आणला, बराच स्वस्त. दोन्हींत १२.३ मेगापिक्सेल, सेन्सर एकाच जातीचा, फोकसचे बिंदूही दोन्हींत ११. वरच्या पायरीवर डी३०० होता, त्याचेही मेगापिक्सेल १२.३ च. मग मधल्या कॅमेऱ्याला जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे? पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात हेच विचारलं तर विक्रेत्याने दोन लेन्स, बॅग, कार्ड आणि ट्रायपॉड ‘फुकट’ असलेल्या खोक्याकडे बोट दाखवलं. कॅमेरा हातात घेऊन बघता येईल का, यावर उत्तर आलं, “मॅडम, सील तोडता येत नाही.”

हे सगळं ऐकून घेतल्यावर काकांनी मला एवढंच विचारलं, “फोटो कशाचे काढणार?”

“फुलांचे. वारीचे. घरच्या माणसांचे.”

“आणि बघणार कशावर?”

मी गप्प. त्यांनी पावती पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडेमोड मांडली. डी९० चा फोटो ४२८८ बाय २८४८ ठिपक्यांचा. इंचाला ३०० ठिपके धरले तर रुंदी १४ इंचांच्या थोडी वर आणि उंची साडेनऊ इंच. लग्नाच्या आल्बमचं १२ बाय १८ चं पान काढायचं तर इंचाला २३८ ठिपके पडतात, तेवढे भरपूर झाले. आधीचे कॅमेरे १० मेगापिक्सेलचे होते, त्यांची रुंदी ३८७२ ठिपके. म्हणजे दहावरून बारावर गेल्याने रुंदीत जेमतेम दहा-अकरा टक्क्यांची भर पडली. “हे डोळ्याला दिसत नाही,” काका म्हणाले, आणि मेगापिक्सेलचा विषय त्यांच्या दुकानात तिथेच मिटला.

लग्नसराई संपली होती. काकांच्या हाताखाली शिकून पुढे स्वतःचा धंदा थाटलेल्या एका मुलाकडे नवा डी९० होता. काकांनी तो माझ्यासाठी मागून आणला. डी५००० एका प्राध्यापकांकडे होता, तोही आला. कॅमेरा घेण्याची ऐपत जुळवत असलेल्या माझ्यासारख्या विमा कंपनीतल्या बाईसाठी त्यांनी लोकांकडे शब्द टाकला, ही गोष्ट मला तेव्हाही मोठी वाटली होती आणि आता तर जास्तच वाटते.

पहिली परीक्षा व्ह्यूफाइंडरची. काउंटरवर त्यांनी तीन कॅमेरे ओळीने मांडले, दोन डिजिटल आणि मध्ये त्यांचा एफएम२. तिन्हींतून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगितलं. डी५००० मधून कॅलेंडर लांब बोगद्याच्या टोकाला असल्यासारखं दिसलं. डी९० मधून ते पुढे आलं, उजळही झालं. एफएम२ ला डोळा लावला तर कॅलेंडर थेट अंगावर आलं, तारखांचे बारीक आकडेसुद्धा वाचता येत होते.

माहितीपत्रकात मात्र उलटं लिहिलेलं होतं. डी९० चं मॅग्निफिकेशन ०.९४, एफएम२ चं ०.८६. काकांनी याचा उलगडा करून दिला. हे आकडे ५० मिलिमीटरची लेन्स लावून मोजतात. डी९० चा सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपटीने लहान, म्हणून फिल्मवाल्या कॅमेऱ्याशी तुलना करायची तर ०.९४ ला दीडने भागायचं, उत्तर ०.६३. डी५००० चं ०.७८, भागलं की ०.५२. डी९० मध्ये काचेचं भरीव पेंटाप्रिझम आहे, डी५००० मध्ये आरसे बसवलेले आहेत. आरशांत उजेड जरा खर्ची पडतो. “तू फुलांवर वाकणार, डोळा दिवसभर याला लावणार. पहिले पैसे इथे दे,” ते म्हणाले. आजही कुणी विचारलं तर मी आधी व्ह्यूफाइंडरमधून बघायला लावते. छापील आकड्यावर जाऊ नका, हे तेव्हाच सांगते.

दुसरी गोष्ट चाकांची. डी९० ला दोन चाकं आहेत, एक अंगठ्याखाली, एक तर्जनीखाली. शटर एकावर, अ‍ॅपर्चर दुसऱ्यावर. डी५००० ला एकच चाक, तिथे दुसरं काम करायचं तर बटण दाबून धरावं लागतं. काकांनी मला डोळे मिटायला लावले आणि मिटल्या डोळ्यांनी शटर दोन पायऱ्या खाली, अ‍ॅपर्चर एक पायरी वर करायला सांगितलं. डी९० वर ते पटकन जमलं. माझा पंजा लहान आहे, तरी बोटं चाकांपर्यंत आपोआप पोचली. त्या मिटल्या डोळ्यांच्या परीक्षेत माझी निवड जवळजवळ ठरून गेली. पण काका एवढ्यावर निकाल देणाऱ्यांतले नव्हते.

माउलींची पालखी लोणंदला आली होती. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. काका आणि मी एसटीने गेलो. त्यांनी स्वतःचा कॅमेरा आणला नव्हता. ते दिवसभर माझ्या शेजारी उभे राहिले, पाण्याची बाटली आणि छत्री धरून.

कॅमेऱ्याची खरी कसोटी लागते ती अशाच ठिकाणी. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, अंगात पांढरी बंडी, धोतर, त्यात उन्हाने रापलेले चेहरे, आणि मागे क्षणात ढग, क्षणात लख्ख ऊन. डी९० चं मीटर चौकटीचा सगळा विचार करतं, पण फोकसचा बिंदू जिथे ठेवला असेल त्याला झुकतं माप देतं. बिंदू सावळ्या चेहऱ्यावर ठेवला की कॅमेरा चेहरा उजळवतो आणि टोपीतलं कापड पांढऱ्या डागासारखं होऊन जातं. काकांनी सांगितलं, “वारकऱ्याच्या टोपीची शिवण दिसली पाहिजे. ती गेली तर नंतर कुठून आणणार? चेहरा नंतर उचलता येतो.” मी एक्सपोजर उणे ०.७ वर ठेवलं. शिवण आली. रॉ फाइलमधून चेहरे नंतर सहज वर आले.

मग अश्व आले. दिंड्यांच्या मधल्या मोकळ्या वाटेतून स्वाराचा अश्व आणि मागून माउलींचा. काकांची फिल्मच्या दिवसांतली पद्धत होती जमिनीवरच्या एका खुणेवर फोकस बांधून ठेवायचा आणि घोडा त्या खुणेवर आला की एकदाच बटण दाबायचं. पण तिथे त्यांनी मला ऑटोफोकस चालू ठेवायला लावला, कारण परीक्षा कॅमेऱ्याची होती. डी९० सेकंदाला साडेचार फोटो काढतो. रॉमध्ये काढत गेलं की दोन-अडीच सेकंदांत बफर भरतो आणि कॅमेरा अडखळतो. अकरा बिंदूंपैकी मधला एकच उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा. मधल्या बिंदूवर अश्व राहिला तोवर फोकस सुटला नाही. कडेचा बिंदू वापरला तेव्हा सपाट पांढऱ्या सदऱ्यावर लेन्स पुढेमागे चाचपडत राहिली. घोडा गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. त्या गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून फोटो काढायचा तर डी९० चा पडदा जागचा हलत नाही आणि पडद्यावरून फोकस करायला तो फार वेळ घेतो. “इथे तो स्वस्तातला बरा,” काका लगेच म्हणाले. डी५००० चा पडदा दुमडून खाली वळवता येतो. आपण ज्याच्या बाजूने झुकलो आहोत त्याचं उणं लगोलग बोलून टाकायचं, ही त्यांची रीतच होती.

काकूंनी लावलेली कसोटी मात्र माझ्या मनात कुठल्याही परीक्षण-लेखात वाचलेल्या कसोटीपेक्षा वर आहे. त्यांनी आपला लग्नातला लाल शालू काढला आणि खिडकीपाशी खुर्चीच्या पाठीवर चुण्या घालून टाकला. मी त्याचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मालकाने रंगांची सेटिंग ‘व्हिव्हिड’वर ठेवलेली होती. कंप्युटरवर फोटो उघडला, रंग झगझगीत होता, मला आवडला. काकू बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “चुण्या कुठं गेल्या?”

खरंच चुण्या नव्हत्या. शालूच्या उजेडाकडच्या बाजूला नुसता सपाट लाल पट्टा होता, जरीच्या बुट्ट्यांभोवतीची वीणसुद्धा त्यात बुडून गेली होती. नेहमीचा हिस्टोग्राम बघितला तर तो अगदी व्यवस्थित, उजव्या भिंतीपासून लांब. मग लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंगांचे वेगळे आलेख उघडले. डी९० मध्ये ती सोय आहे. लालचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटला होता. एकत्रित आलेखात हिरव्याचा वाटा मोठा असतो, म्हणून एकट्या लालची झालेली हानी तो झाकून टाकतो. सेटिंग ‘न्यूट्रल’ केली, एक्सपोजर थोडं उतरवलं आणि पुन्हा काढला. चुण्या परत आल्या, एकीआड एक, सावलीसकट. काकूंनी मान डोलावली. आयुष्यभर काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर काम केलेल्या बाईंनी रंगीत सेन्सरची मर्यादा एका नजरेत सांगितली. लग्नाच्या मोसमात आपल्याकडे लाल शालू, कुंकू, मळवट, गुलाल यांशिवाय फोटो होत नाही, म्हणून नवा कॅमेरा घेतला की प्रत्येकाने लाल कापडावर असा एक प्रयोग करून पाहावा. त्याला शालूच हवा असं नाही, लाल चादरही चालते.

अंधारातली परीक्षा देवघरात झाली. समईचा उजेड, समोर काकू, बाकी दिवे बंद. आयएसओ ८००, १६००, ३२०० असे चढत गेलो. डी९० मध्ये नेहमीचा आयएसओ २०० ते ३२००. मी ते फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठे करून दाणे मोजायला लागले तर काकांनी कंप्युटर बंद केला. “दाणा कागदावर बघायचा,” म्हणाले. लॅबमधून तिन्ही फोटो ८ बाय १२ मध्ये छापून आणले. शेजारी त्यांनी स्वतः कधीकाळी ४०० ची फिल्म १६०० पर्यंत ताणून काढलेला, जागरण-गोंधळाचा एक फोटो ठेवला. त्या फोटोचा त्यांना अभिमान होता. तो स्टुडिओच्या भिंतीवर लावलेला असायचा. भिंतीवरून काढून, चौकट उघडून त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

भिंग घेऊन ते किती तरी वेळ वाकून बघत होते. दुकानात एक मुलगा पासपोर्ट फोटोसाठी आला, त्याला काकूंनी बसवून ठेवलं. शेवटी काका सरळ झाले आणि म्हणाले, “सोळाशेला याचा दाणा माझ्या फिल्मपेक्षा बारीक आहे. सावलीत पदराचा काठ दिसतोय, माझ्यात दिसत नाही. हे फिल्मला जमलं नसतं.” मग जरा थांबून, “बत्तीसशे घरच्यासाठी ठीक. मोठं छापू नकोस.”

त्यांच्या रिकाम्या डार्करूमच्या दारात उभं राहून हे वाक्य ऐकणं सोपं नव्हतं. फिल्मचा दाणा कसा जिवंत असतो, डिजिटल कसं निर्जीव असतं, असं बोलणारे पुष्कळ लोक तेव्हा होते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटावर डिजिटलने पाय दिलेला नव्हता. ज्यांच्या पोटावर दिला होता ते काका भिंगातून दिसलं तेवढंच बोलले. मला मिळालेल्या सगळ्या शिकवणीत मी हे वाक्य सर्वांत वर ठेवते. एखाद्या वस्तूची पारख करताना आपलं त्या वस्तूशी काय वैर आहे किंवा किती प्रेम आहे ते बाजूला ठेवता येतं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

किमतीच्या फरकाचं सर्वांत सरळ उत्तर लेन्सने दिलं. डी९० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, डी५००० मध्ये नाही. निकॉनच्या ज्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, त्या डी९० वर आपोआप फोकस होतात, डी५००० वर हाताने फिरवाव्या लागतात. काकांच्या एफ८० ला लागणारी ५० मिलिमीटर, एफ १.८ डी लेन्स कपाटात पडून होती. तिच्यावरची अ‍ॅपर्चरची कडी २२ च्या केशरी आकड्यावर नेऊन तिथला छोटा खटका लावायचा. तो लावला नाही तर कॅमेरा एफईई असा इशारा देऊन काम थांबवतो. लेन्स लावली, मोटर खर्रकन वाजली आणि काकूंच्या नथीवर फोकस बसला. लहान सेन्सरवर ५० ची लेन्स ७५ सारखा कोन देते, माणसांच्या फोटोला अगदी हवा तसा.

त्यांची जुनी ५५ मिलिमीटरची मायक्रो लेन्स मात्र पूर्ण हाताने चालवायची. डी९० तिला जोडून घेतो पण तिच्याबरोबर मीटर चालवत नाही. उजेडाचा अंदाज आपण बांधायचा. काकांना ते पटलं नाही. १९५९ पासून एकच माउंट ठेवणाऱ्या कंपनीने मधल्या कॅमेऱ्याला एवढी छोटी सोय द्यायला हवी होती, असं ते ठासून म्हणाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या डी७००० मध्ये ती सोय आली. ते कळल्यावर काकांना झालेलं समाधान बघण्यासारखं होतं.

व्हिडिओबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ७२० पी, सेकंदाला २४ चौकटी, एका वेळी पाच मिनिटं, आवाज मोनो, चालू असताना ऑटोफोकस नाही. कॅमेरा झटकन वळवला की विजेचे खांब तिरपे होतात. जगातला पहिला म्हणून त्याचं कौतुक, पण व्हिडिओसाठी कुणी हा घेऊ नये, असं काका म्हणाले आणि ते बरोबर होतं.

बॉडी प्लास्टिकची आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना त्यांनी भाव दिला नाही, पण साताऱ्याचा पाऊस त्यांना ठाऊक होता. डी३०० सारखं पाणी-धूळ अडवणारं रबर यात सांध्यासांध्यांत नाही. कासच्या पठारावर भाद्रपदात धुकं अंगावरून जातं आणि सगळं ओलं करून जातं. काकांनी डोक्याला घालायची प्लास्टिकची टोपी, जुना पंचा आणि सिलिका जेलच्या पुड्या अशी तयारी करून दिली. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत न ठेवता लेन्स काढून कोरड्या कपाटात, बारीक बल्बच्या उबेत ठेवायचा, नाहीतर लेन्सला फंगस धरतं. सीतेच्या आसवांच्या त्या इवल्या जांभळ्या-निळ्या फुलांसाठी ओल्या कातळावर पालथं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा लागतो. दुमडणारा पडदा असता तर मान वाचली असती. तरीही त्या फुलांचे पहिले मनासारखे फोटो मला डी९० नेच दिले.

हो, मी तोच घेतला. तोवर काकांचा निकाल पक्का झाला होता. डी५००० आणि डी९० यांच्या फोटोंत फरक शोधून सापडत नाही. मधल्या कॅमेऱ्याला दिलेले जास्तीचे पैसे फोटोत दिसत नाहीत, ते काढणाऱ्याच्या डोळ्याला आणि बोटांना लागतात. मोठा व्ह्यूफाइंडर, दोन चाकं, डोक्यावरची छोटी माहितीपट्टी, जुन्या लेन्सची मोटर, लांबच्या फ्लॅशला वायरीशिवाय हुकूम देणारा आतला फ्लॅश, आणि कंपनीच्या मोजणीनुसार ५१० ऐवजी ८५० फोटो देणारी बॅटरी. वर्षातून चार वेळा कॅमेरा काढणाऱ्याने स्वस्तातला घ्यावा, उरलेल्या पैशात चांगली लेन्स घ्यावी. रोज डोळा लावणाऱ्याने मधला घ्यावा. त्याच्यावरचा घ्यायचा तर पाऊस, धूळ आणि पोट, या तिन्हींसाठी.

५० ची लेन्स काकांनी मला देऊन टाकली. पैसे पुढे केले तर त्यांनी पाकीट उघडूही दिलं नाही. “कपाटात फंगस लागेल. वापरात राहू दे,” म्हणाले. आणि एक अट घातली. पुढे कुणी माझ्याकडे विचारायला आलं तर हातात घेऊन बघितल्याशिवाय कुठल्याही कॅमेऱ्याबद्दल बरं-वाईट बोलायचं नाही. ती अट मी आजवर पाळत आले आहे.

काका आता नाहीत. दुकान विकायचं ठरलं तेव्हा माळ्यावर निगेटिव्हचे पत्र्याचे डबे निघाले. पातळ कागदी पाकिटं, प्रत्येकावर तारीख, नाव, गाव, काकांच्या अक्षरात. काही डबे उघडले की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. जुन्या फिल्मचा आधार कुजायला लागल्याची ती खूण. भंगारवाला आधीच येऊन भाव सांगून गेला होता. काकूंनी मला बोलावलं.

आता सुट्टीच्या दिवशी मी डी९० आणि काकांची ती ५५ ची मायक्रो लेन्स घेऊन काकूंच्या घरी बसते. खाली दुधी काचेमागे पांढरा दिवा, वर स्टँडला उलटा टांगलेला कॅमेरा. मीटर चालत नाहीच, एकदा हिस्टोग्राम बघून एक्सपोजर बांधलं की सगळ्या डब्याला तेच चालतं. १२० ची चौकोनी निगेटिव्ह चौकटीत बसवली की २८४८ बाय २८४८ ठिपके हाती येतात, आठ मेगापिक्सेल. १२ इंची प्रिंटला ते पुरतात. रंग उलटे करून मी चित्र पडद्यावर आणते आणि काकू सांगतात: ही देऊरची, हिचा भाऊ पोस्टात होता, हिच्या हनुवटीवरचा व्रण मी भरला होता बघ. निगेटिव्ह उजेडाला तिरपी धरली की पेन्सिलीच्या त्या रेघा आजही चमकतात. सेन्सरने त्याही टिपल्या आहेत.

निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळं लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे गेलं आहे. म्हणून डी९० सारखे कॅमेरे सेकंडहँड बाजारात विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले आहेत. घेताना मुठीचं रबर सुटलंय का बघा, लेन्समधून टॉर्च मारून फंगस बघा, मोटर नसलेली जुनी लेन्स लावून बॉडीची मोटर फिरते का ते ऐका, आणि किती फोटो काढून झालेत ते विचारा. याच्या शटरची कंपनीने एक लाखापर्यंत चाचणी घेतलेली आहे. शिकायला आणि जुन्या निगेटिव्ह उतरवायला आजही हा कॅमेरा पुरेसा आहे.

आणि तुमच्या गावातला एखादा जुना स्टुडिओ बंद होत असेल तर भंगारवाल्याच्या आधी तिथे पोचा. डबे कोरड्या, थंड जागी हलवा, पाकिटांवरची नावं उतरवून घ्या, आणि चेहरे ओळखणारं माणूस घरात असेल तर लवकरात लवकर त्याच्या शेजारी जाऊन बसा.